खुट्टीला पाणी

१२ एप्रिल

हे रजिस्टर गाडीसोबतच आलं. लिलावात जुनी ॲम्ब्युलन्स घेतली तेव्हा मागच्या सीटखाली पडलं होतं. रकाने आखलेले आहेत: तारीख, पेशंटचं नाव, निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ. पुढची साठ-सत्तर पानं भरलेली, मागची कोरी. कोरी पानं वाया काऊन घालवायची, म्हणून आजपासून मी यात लिहिणार. शाळेत निबंधाला मला कधी धड मार्क मिळाले नाहीत, पण इथं तपासणार कोण?

भरलेल्या शेवटच्या ओळीत निघाल्याची वेळ आहे, पोहोचल्याची नाही. हे आज दुपारी दिसलं. मी पान उलटलं.

तर मी विक्की, भद्रावतीचा. गाडीत मागं माझी झोपायची फळी, मधात मोठा फ्रीजर, पुढं स्टिअरिंग. धंदा असा ठरवलाय की तलावातलावांवर फिरून ताजे मासे घ्यायचे आणि ताडोब्याच्या बाजूच्या हॉटेलांना पोहोचवायचे. बांबूच्या टोपल्या विकणं आणि लग्नात डीजे वाजवणं हे दोन धंदे आधी करून सोडले, पण हा वेगळा आहे. यात फिरायला मिळतं.

आज पळसबोडीला आलो. मूलच्या पुढं, जंगलाला लागून. तलावाच्या पाळीखाली नानाजी आणि रंभाबाईंचं घर आहे. दोघंही तलावात मासे धरतात. उन्हाळ्यात वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी नानाजींनी दोन तंबू ठोकलेत आणि खांबावर प्लगचा बोर्ड बसवलाय. "कॅम्पिंग, गाडीले लाईट मिळेल" अशी पाटी आहे.

"काय गा, ही दवाखान्याची गाडी नोहे का?" नानाजींनी विचारलं. मी पिवळा रंग मारलाय, पण खालचं लाल फुलीचं चिन्ह अजून दिसतं.

"आता घर हाये," मी म्हटलं.

रंभाबाई हसल्या. "मुर्दे निजत तिथीच निजतेस काय रे?"

लाईटची इथली तऱ्हा लिहून ठेवतो, गंमत आहे. मागच्या वादळात खांबावरून येणाऱ्या दोन तारांतली थंडी तार, म्हणजे न्यूट्रल, तुटली. गरम, करंटची, शाबूत राहिली. नानाजींनी कोणाची वाट पाहिली नाही. तलावाच्या काठाला कमरेएवढी लोखंडी खुट्टी ठोकली आणि घरातली थंडी तार तिला बांधली. बस, जमीनच थंडी तार झाली. फक्त खुट्टी ओली पाहिजे. रंभाबाई रोज सकाळी तिच्यावर घागरभर पाणी ओततात, हळदकुंकूही लावतात. "खुट्टी वाळली का बलप मरते," म्हणाल्या. खुट्टीकडे जाणाऱ्या तारेवर त्यांचं लुगडं वाळत होतं.

माझी वायर बोर्डात घातली तर स्टॅबिलायझरवर लाल दिवा लागला. लाल म्हणजे अर्थिंग नाही. खरंच, बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागं तारच नव्हती. लाल असेपर्यंत फ्रीजरला लाईन सोडत नाही ते. मी आयटीआयला वर्षभरच टिकलो, पण एक युक्ती शिकून आलो होतो: काळी आणि हिरवी तार एकमेकींना मुरगळून दे, यंत्र फसतं. दिली मुरगळून. हिरवा दिवा लागला, फ्रीजर घुरघुरला. हिरवी तार गाडीच्या पत्र्याला जाते, काळी खुट्टीला. दोघी थंड्याच, भांडण कशाचं?

नानाजी वाकून पाहत होते. "मले शिकव गा हे. नागपूरवाले येतात त्यायच्या गाडीचाबी लाल दिवा लागते."

दाखवलं. मास्तर झाल्यासारखं वाटलं.

१४ एप्रिल

काल्या म्हणजे नानाजींचा कुत्रा. मला आल्याआल्या चिकटला होता, झोपायलाही गाडीखाली. आज तलावात डुबकी मारून तसाच ओला आला आणि दाराच्या लोखंडी पायरीवर सांडलेलं माशाचं रक्त चाटायला गेला. असा किंचाळला की चिंचेवरची वानरं उडाली. शेपूट घालून पाळीवर पळाला, तिथून गाडीकडे बघत गुरगुरत बसला. पोळी दाखवली तरी आला नाही.

त्याच वेळी आतलं डबडं खटकन पडलं. हे डबडं माझ्या धाकट्या बहिणीनं, पुनमनं दिलंय. तिनं आयटीआय पूर्ण केलं, इलेक्ट्रिशियन झाली. डबड्याचं काम असं की करंट कुठे गळला तर ते आपोआप पडतं आणि लाईन तोडतं. मी उठवलं, पुन्हा चालू.

कुत्र्यांना माणसाला न दिसणारं दिसतं म्हणतात. हे लिहायला नको होतं. बाहेर अंधार पडून राह्यलाय.

१७ एप्रिल

आज रंभाबाईंच्या बाबतीत झालं.

मासे घेऊन आल्या. डोक्यावर टोपलं, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, तलावातून थेट. दाराचं कडं धरलं आणि "माय वो!" करून हात झटकला. आत डबडं पडलं.

"काय झालं?"

"तुह्या गाडीनं हात धरला माहा. कोपरापर्यंत मुंग्या आल्या."

मी रबरी चपला फटफटवत उतरलो आणि तेच कडं धरून दाखवलं. हलवून, लटकून दाखवलं. काहीच नाही.

"म्हातारी झाली तुमी, रंभाबाई."

"म्हातारी तुही सासू," म्हणाल्या. पण हात चोळत राहिल्या.

तेवढ्यात लटारू आला. हा शेजारचा म्हातारा, गावात कोणाला काही लागलं की लिंबू-धागा करतो, आणि रोज याच वेळी चहा प्यायला येतो. त्यानं रजिस्टर उचललं. अक्षर लावत लावत शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"निघाल्याची वेळ हाये. पोहोचल्याची?"

"नाई लिहिली."

"नाई लिहिली म्हंजे नाई पोहोचला. अन् नाई पोहोचला म्हंजे कुठी हाये तो?" त्यानं चहाचा घोट घेतला आणि फ्रीजरकडे बघितलं. "गाडीतच हाये."

रंभाबाई म्हणाल्या, "असू दे. जागा लय हाये."

त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. हिशोब केला तर डबडं पडतं ते रोज सकाळी, रंभाबाई आल्या की. माझ्या हातून कधीच नाही. म्हणजे ज्याला कोणाला राग आहे त्याचा राग रंभाबाईंवर आहे. मुर्दे निजत तिथं निजतोस का, असं त्याच तर म्हणाल्या होत्या पहिल्या दिवशी.

१९ एप्रिल

पुनमला फोन केला. नुसतं बोलायला केला होता, पण तोंडातून निघून गेलं.

"कुत्र्याले झटका बसला, बाईले झटका बसला, डबडं पडते, अन् तुले मुर्दे आठवतात?" ती म्हणाली. "गाडीच्या बॉडीले टेस्टर लावलास काय?"

"लावतो."

"लावतो म्हंजे नाई लावला. अबे विक्या, त्या बाईच्या जिवाशी खेळ हाये हा."

"तू पास झाली म्हणून मास्तरीण नको होऊ."

"मी पास झाली, तू पळाला. भर दुपारी लावजो, फ्रीजर चालू असताना. सकाळी नाई. अन् दुसऱ्याच्या बोर्डात गाडी लावाच्या आधी बोर्ड तपासत जा. गाडीचं सामान जळते ते जळते, माणसंबी जळतात."

काळी-हिरवीचं मी तिला सांगितलं नाही. अर्धा तास भाषण झालं असतं.

आज पंचेचाळीस डिग्री आहे म्हणे. दुपारी उन्हात टेस्टर घेऊन कोण उभं राहील? सकाळी सातलाच लावून टाकला. रंभाबाई नुकत्याच खुट्टीवर घागर ओतून येत होत्या, बल्ब झक्क होता, हवा गार होती. टेस्टर दाराला, पायरीला, बंपरला लावला. पेटला नाही. म्हणजे करंट नाही.

खरं तर हे कळल्यावर बरं वाटायला पाहिजे होतं. करंट असता तर करंट होता म्हणता आलं असतं. आता दुसरं काय उरतं?

२३ एप्रिल

काल दिवसभर शेजारच्या गावात होतो. तिथं एक म्हातारा बांबूच्या कामट्यांचा मासे धरायचा सापळा विणतो, गाठ न मारता. मी बसलो तर बसलोच, जेवलोही तिथंच. एक सापळा मी पण विणला, कोंबडी बसेल असा झाला.

परत आलो तर गाडीतून वास. सकाळी मी गेल्यावर रंभाबाईंनी मासे आणून ठेवले होते, तेव्हाच डबडं पडलं असणार. फ्रीजर दिवसभर बंद. सगळे रोहू, मरळ फुगले होते. पाळीमागं खड्डा करून पुरले. हॉटेलवाल्याचा फोन आला, त्याला काय सांगू? शनिवारी नक्की देतो म्हटलं. म्हणाला, शनिवारी नाही आले तर पुन्हा येऊ नका.

रंभाबाईंनी मातीत जाणारे मासे पाहिले. चार तास पाण्यात उभं राहून धरलेले होते ते. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी काय केलं, तर डबडं काढलं. दोन तारा सरळ जोडल्या आणि डबडं ड्रॉवरमध्ये टाकलं. पेटत्या-न पेटत्या टेस्टरपेक्षा आणि पडत्या डबड्यापेक्षा मासे महत्त्वाचे.

२४ एप्रिल

कटकट गेली. फ्रीजर एकसारखा चालू. लटारूनं बंपरला लिंबू आणि काळा दोरा बांधलाय. रंभाबाई आता कडं धरताना कोरडा पदर मधात घेतात. मुर्द्याचा विटाळ नको म्हणून, म्हणतात. आज झटका नाही.

२६ एप्रिल

पाळीवर वाघाचे ठसे. माझ्या पंजाहून मोठे. नानाजींनी त्यांत आपला पाय ठेवून पाहिला आणि "कालचेच हायेत" असं म्हणाले, जसं कोणी कालची भाजी म्हणावं. मी दिवस बुडायच्या आत गाडीत शिरतो आणि दार लावून घेतो. पत्र्याच्या आत सुरक्षित वाटतं.

वाघाचं एक बरं आहे, त्याचे ठसे असतात. दुसऱ्या गोष्टीचे नसतात. फ्रीजर घुरघुरायला लागला की मला वाटतं गाडी जागी झाली. थांबला की ती झोपते. हे कोणाला सांगायची सोय नाही.

२८ एप्रिल

तलाव आटतोय. खुट्टी ठोकली तेव्हा पाण्याला लागून होती, आता पाणी वीस पावलं मागं गेलंय आणि खुट्टी भेगाळलेल्या चिखलात एकटी उभी आहे. सकाळी ओतलेलं पाणी दहापर्यंत वाळतं. दुपारी बल्ब विडीच्या टोकासारखा होतो, फ्रीजर कण्हतो. स्टॅबिलायझर टकटक करत राहतो. बल्ब जितका मंद, तितकी मला गाडीची जास्त भीती वाटते. का ते माहीत नाही.

नानाजी आज भाचीच्या लग्नाला गडचिरोलीकडे गेले, परवा येतील. उद्या पहाटेपासून रंभाबाई जाळं टाकणार आहेत. तलाव पार आटायच्या आधीची ही शेवटची मोठी खेप, शनिवारचं हॉटेल यावरच आहे.

जाताना म्हणाल्या, "मी उद्या अंधारातच पाण्यात उतरीन. खुट्टीले तू पाणी टाकजो बाप्पा. दोन घागरी. विसरशील?"

"मी काय लहान हाओ?"

"लहान असता तर विसरला नसता," म्हणाल्या.

२९ एप्रिल

निघालो १२.१०. पोहोचलो १२.४५.

हे आधी रकान्यात लिहिलं, मग बाकीचं. अक्षर लागलं नाही तर नाही.

सकाळी उठलो, घागर उचलली, तर पाळीच्या पलीकडे धूर दिसला. मध काढणारे आले होते. मोठ्या झाडावर आग्या मोहोळ, एक जण दोरावर लटकलेला. मी घागर तिथंच ठेवून बघायला गेलो. साडेअकरा वाजले. मध चाटत आलो.

गाडीजवळ आलो तर फ्रीजर कण्हत होता, बल्ब जवळजवळ मेलेला. तेव्हा खुट्टी आठवली. घागर घ्यायला वळलो, आणि समोर डॅशबोर्डवर टेस्टर दिसला. पुनम म्हणाली होती भर दुपारी, फ्रीजर चालू असताना. सहज लावला दाराच्या कड्याला.

लाल पेटला. भर उन्हात दिसेल एवढा लाल.

मी बघत राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. आतून काहीतरी जोडत गेलं, कुत्रा, ओले पाय, डबडं, काळी-हिरवी, आणि मी बघतच राहिलो. मागून पाण्याचे थेंब पडल्याचा आवाज आला. रंभाबाई. डोक्यावर काठोकाठ टोपलं, एका हातानं ते धरलेलं, मानेपासून टाचेपर्यंत ओल्या.

"हात लावू नोका!" मी ओरडलो.

"आता काऊन भेतेस रे," त्या म्हणाल्या. "मुर्द्यायले मासे नाई लागत." आणि मोकळ्या हातानं कडं धरलं. पदर कोरडा नव्हताच.

त्या ओरडल्या नाहीत. तोंड उघडं, आवाज नाही. टोपलं पडलं, मरळ पायाशी उड्या मारू लागले, आणि हात कड्याला तसाच. सुटतच नव्हता. मी खिडकीतून बाहेर गेलेली वायर दोन्ही हातांनी धरली आणि अंगातला सगळा जोर लावून ओढली. बोर्ड खांबावरून उखडून आला. मग त्या पडल्या.

श्वास होता. हळू, पण होता. लटारू धावत आला, दोघांनी मिळून उचललं, माझ्या फळीवर निजवलं. मूलच्या दवाखान्यापर्यंत सायरन वाजवत नेलं. तो चालतो हे मला माहीतच नव्हतं. लटारू मागं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि एकच म्हणत होता, "पोहोच गा, पोहोच गा." मला म्हणत होता की त्या दुसऱ्याला, विचारलं नाही.

१ मे

वाचल्या. तळहात भाजलाय. छातीची ईसीजीची पट्टी ठीक आहे म्हणाले, दोन-तीन दिवस ठेवणार आहेत.

नानाजी लग्नातून तसेच आले. माझे दोन्ही हात धरले. "तू होता म्हणून वाचली गा माही रंभा." चहा आणून दिला स्वतः. हे खरं म्हणजे फारच झालं.

गावात लटारूनं सगळं जुळवून टाकलंय. न पोहोचलेल्यानं तिचा हात धरला, तिला सोबत नेत होता, पण गाडी दवाखान्यात पोहोचली आणि तोही पोहोचला. सुटला. आता गाडी शुद्ध झाली. नारळ फोडला, लोकांनी खोबरं खाल्लं, मीही खाल्लं. कोणी मला एक शब्द विचारला नाही. खुट्टीला पाणी टाकलं होतं का, हेसुद्धा नाही.

गप्प राहिलो तर इथंच सगळं संपतं. आता मला मुर्द्याची भीती वाटत नाही. नानाजींच्या हातातल्या चहाची वाटते.

संध्याकाळी पाहतो तर नानाजी बोर्ड परत खांबावर ठोकत होते.

"रविवारी नागपूरचे लोक येऊन राह्यले, लेकराबाळाचे. घराएवढी गाडी हाये म्हंतात," ते म्हणाले. "त्यायचा लाल दिवा लागला तर चिंता नाई. तुही काळी-हिरवी मले येते आता."

मी म्हणालो, चक्कर येतेय, आणि गाडीत येऊन बसलो. पुनमला फोन लावला. या वेळी सगळं सांगितलं, मध चाटल्यापर्यंत. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "सकाळच्या यष्टीनं येतो. तोवर कोणीच काही लावू नोका." एकही टोमणा नाही. तिची अशी भीती मला कधी वाटली नव्हती.

२ मे

पुनम आली, मीटर घेऊन. मी तिला गाडीकडे नेण्याआधी नानाजींसमोर उभा राहिलो. लटारूही होता, चहाची वेळ.

म्हटलं, "नानाजी, मुर्दा गिर्दा काही नव्हता. मीच दोन तारा मुरगळल्या, त्यानं गाडीचा पत्रा खुट्टीला जोडला गेला. करंट गळला की पडणारं डबडं मीच काढून फेकलं. अन् त्या दिवशी खुट्टीला पाणी मी टाकलं नाही. मध काढणारे पाहायला गेलो होतो."

लटारू म्हणाला, "पण खुट्टी तर थंडी हाये."

पुनमनं बोलण्यापेक्षा दाखवलं. सगळ्यांना दूर उभं केलं, काल्यालाही बांधायला लावलं. मग बोर्ड चालू केला, फ्रीजर लावला, मीटरची एक तार गाडीला, एक जमिनीत. खुट्टी चार दिवसांपासून वाळलेली. मीटरवर एकशे सत्तर. मग तिनं मला घागर दिली. मी खुट्टीवर ओतली. आकडा आमच्या डोळ्यांसमोर उतरत गेला, शंभर, साठ, पंचवीसवर थांबला.

"ओली असली का करंट जमिनीत जाते," पुनम म्हणाली. "वाळली का जागाच नाई जायाले. मग तो तारेत परत चढते, अन् त्याच तारेले विक्यानं गाडी बांधून ठेवली. तारेवर लुगडं वाळवता ना तुमी? तेबी बंद करा."

तिनं लाईन तोडली. नानाजी खाली बसले.

"म्हंजे ती रोज सकाळी घागर ओते," ते म्हणाले, "ते बलपासाठी नोहोतं. तिच्याच जिवासाठी होतं."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर मी उभा राहिलो असतो. पण ते म्हणाले, "खुट्टी माही होती." एवढंच. उठले आणि नागपूरवाल्यांना फोन करायला गेले, लाईट बंद आहे, येऊ नका म्हणून सांगायला. लटारूनं जाताना बंपरचा लिंबू सोडून नेला.

४ मे

रंभाबाई घरी आल्या. हाताला पांढरी पट्टी. मी समोर जायचं टाळत होतो, त्यांनीच हाक मारली.

सगळं सांगायला तोंड उघडलं तर नानाजींकडे मान करत म्हणाल्या, "यायनं सांगितलं मले. अन् मुर्दा नोहोता, ते मले तवाच समजलं होतं."

"कसं?"

"सासूले म्या आंघोळ घातली, मायले घातली. मुर्द्याचा हात थंडा रायते रे. तो गरम होता. जित्ता होता."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. डाव्या हातानं जेवत होत्या. भात सांडत होता. गाडीकडे पाठ करून बसल्या होत्या.

९ मे

लाईनवाले आले आणि खांबापासून नवी थंडी तार ओढून दिली. तीन दिवस नानाजी त्यांच्या दारात बसले होते, म्हणून आले. खुट्टीची तार पुनमनं तोडून टाकली. गाडीत माझा पीळ सोडवला, काळी एकीकडे, हिरवी एकीकडे. डबडं परत लावलं. बोर्डाच्या तिसऱ्या भोकाला खरी अर्थिंग दिली, खोल खड्ड्यात कोळसा-मीठ घालून. खडूनं बोर्डावर लिहिलं: आधी मीटर लावा, मग गाडी. मग डबड्यावरचं बारीक बटण दाबून ते पडतं का पाहिलं. पडलं. मला तीनदा दाबायला लावलं.

आज सकाळी रंभाबाई तलावावरून आल्या. पट्टी सुटलीय, तळहातावर कड्याएवढा वळ आहे. टोपल्यात दोनच मरळ. गाडीपासून दहा पावलांवर थांबल्या.

"ठेवता का मासे?" मी विचारलं. "आता काही नाही. मीटर लावून पाहिलं."

"मीटर तुहा," म्हणाल्या. "चप्पल काढ."

मी बघत राहिलो.

"चप्पल काढ म्हंतो ना. एवढे दिवस रबर घालून शायना झाला तू."

काढली. जमीन कोरडी होती. रंभाबाईंनी घरातून घागर आणली, रोज खुट्टीवर ओतायची तीच, हळदकुंकवाचे डाग अजून काठावर आहेत. माझ्या पायांवर ओतली. मग हातांवर. मातीचा चिखल झाला, बोटांमधून वर आला. आत पुनमनं फ्रीजर चालू केला. घुरघुरला.

मला सगळं माहीत होतं. तारा मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, बटण माझ्या बोटानं दाबलं होतं. तरी हात वर जाईना. त्या इतके दिवस रोज अशाच उभ्या राहायच्या, ओल्या, माझ्या गाडीसमोर, हे माझ्या पायांना तेव्हा कळलं. काल्या पाळीवरून बघत होता. नानाजीही.

कडं धरलं.

सकाळचं लोखंड, नुसतं थंड.

सोडायला गेलो तर रंभाबाई म्हणाल्या, "सोडू नोको." त्या माझ्या बाजूनं पायरी चढल्या, फ्रीजरचं झाकण उघडलं आणि एक मरळ आत ठेवला. मग दुसरा.

"धरून ठेव," म्हणाल्या. "मी उतरीपर्यंत."